आधी माणसे, मग इंच

हल्ली आपल्या घरांच्या बैठकीच्या खोलीत लांबट चौकटीला मोठा मान मिळू लागला आहे. दिवाणाच्या किंवा सोफ्याच्या वरची भिंत आडवी आणि रिकामी असते. तिथे एखादी चौकोनी तसबीर लावली तर ती एकाकी दिसते. दोन लावल्या तर कोणती उजवीकडे आणि कोणती डावीकडे, यावर घरात मतभेद होतात. मग कोणीतरी बाजारातून तीन फूट लांब आणि एक फूट उंच अशी देखणी चौकट घेऊन येते. भिंतीवर खिळा ठोकला जातो आणि त्यानंतर विचार सुरू होतो, की हिच्यात बसवायचे काय? भ्रमणध्वनीत छायाचित्रांचा महापूर असतो, परंतु त्यांतील एकही या चौकटीच्या अंगाचे नसते.

अशा वेळी बहुतेक जण एक सोपा मार्ग धरतात. आवडते छायाचित्र छपाईच्या दुकानात देतात आणि ‘यात बसेल असे करून द्या’ एवढेच सांगतात. दुकानदार आपले काम चोख करतो. चित्र चौकटीत बरोबर बसते. मात्र कशाला कात्री लागली, हे चित्र घरी आल्यावर कळते. ज्यांचे चेहरे गेले त्यांना तर ते फार चांगले कळते. म्हणून या वेळी आपण लांबट चौकटीसाठी छायाचित्र कसे कातरावे आणि त्याचे माप कसे बदलावे, याचा थोडा शास्त्रशुद्ध विचार करू. विषय गणिताचा दिसतो; तथापि त्यातील गणित पाचवी-सहावीच्या पलीकडचे नाही. अवघड भाग निराळाच आहे, आणि त्याकडे आपण यथाक्रम येऊ.

गुणोत्तर म्हणजे काय?

प्रत्येक चित्राच्या रुंदीचे उंचीशी काही नाते असते. बहुतेक भ्रमणध्वनींतील छायाचित्र रुंदीने चार भाग तर उंचीने तीन भाग, म्हणजे ४:३ असते. मोठ्या कॅमेऱ्यांतील चित्र बहुधा ३:२ असते. जुन्या फिल्मवरील चित्र ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असे; ते नाते या कॅमेऱ्यांनी वारशाने घेतले आहे. आपली चौकट मात्र ३६ इंच बाय १२ इंच, म्हणजे ३:१. हे माप बाजारात सहज मिळते, कारण आपल्याकडील लग्नाच्या आल्बमचे दुहेरी पान पुष्कळ ठिकाणी याच मापाचे छापले जाते.

आता ४:३ चे चित्र ३:१ च्या चौकटीत बसवायचे, तर रुंदी पूर्ण ठेवून उंची कमी करावी लागणार. किती कमी? हिशेब केला तर शंभरातील सुमारे चव्वेचाळीस भागच शिल्लक राहतात. छप्पन्न भाग कात्रीखाली जातात. ३:२ चे चित्र असेल तर निम्मे जाते आणि निम्मे राहते. निम्म्याहून अधिक चित्र टाकून द्यायचे आहे, ही गोष्ट प्रारंभीच मनाशी पक्की केली म्हणजे पुढचे निर्णय डोळसपणे होतात.

येथे एका मोहापासून सावध राहावे. संगणकात चित्राची रुंदी आणि उंची स्वतंत्रपणे बदलता येते, त्यामुळे काहीही न कापता चित्र आडवे ताणून चौकटीएवढे करणे शक्य असते. असे चित्र पाहिले की हसावे की रडावे हे कळत नाही. सडपातळ माणसे मडक्यासारखी फुगतात, कपाळावरचे गोल कुंकू लंबगोल होते आणि घराचा दरवाजा गोठ्याच्या दरवाजासारखा दिसू लागतो. माप बदलताना रुंदी-उंचीचे नाते जखडून ठेवण्याची सोय प्रत्येक साधनात असते. बहुधा साखळीची किंवा कुलुपाची खूण तेथे दिसते. ती बंद आहे याची खात्री केल्यावाचून पुढे जाऊ नये.

चौकटीचे खरे माप

दुसरी गोष्ट मापाची. चौकटीवर ‘१२×३६’ असे लिहिलेले असते ते बहुधा काचेचे माप असते. काचेच्या आत आपण कागदी पुठ्ठ्याची किनार, म्हणजे माउंट, बसवणार असलो तर चित्रासाठी उरणारी खिडकी लहान होते. आणि पुष्कळांच्या लक्षात येत नाही ते हे, की तिचे गुणोत्तरही पालटते. चारही बाजूंनी दोन-दोन इंचांचे माउंट बसवले तर खिडकी ३२ इंच रुंद आणि ८ इंच उंच उरते. ३:१ ची चौकट क्षणात ४:१ ची झाली! चित्राची उंची आणखी एक चतुर्थांशाने घटली, आणि घटली ती नेमकी जिथे आधीच टंचाई होती तिथे.

याचा अर्थ माउंट टाळावे असा मात्र नव्हे. माउंटमुळे चित्र आणि काच यांच्यामध्ये थोडी पोकळी राहते. कोकणात, मुंबईत किंवा अन्य दमट प्रदेशांत पावसाळ्याची ओल चौकटीत शिरते आणि काचेला टेकलेले छायाचित्र हळूहळू तिला चिकटून बसते. मग ते सोडवताना चेहराच काचेवर राहतो. तेव्हा माउंट अवश्य घ्यावे. फक्त त्याची रुंदी आधी ठरवून, पट्टीने खिडकी मोजून, मगच चित्र कातरावे. शिवाय छापील चित्र खिडकीपेक्षा प्रत्येक बाजूला पाव इंच मोठे हवे, कारण तेवढा भाग माउंटखाली दडतो. कडेला कोणाचा हात किंवा पदराचे टोक येत असेल तर हा पाव इंच विसरू नये.

चित्रबिंदूंचा हिशेब

चित्र कितपत मोठे छापता येईल हे त्यातील चित्रबिंदूंवर, म्हणजे ज्यांना आपण पिक्सेल म्हणतो त्यांवर अवलंबून असते. नेहमीच्या बारा मेगापिक्सेलच्या भ्रमणध्वनीतील चित्र ४०३२ बिंदू रुंद आणि ३०२४ बिंदू उंच असते. ३:१ मध्ये कातरले की ते ४०३२ बाय १३४४ उरते. ३६ इंचांवर ४०३२ बिंदू पसरले म्हणजे एका इंचात ११२ बिंदू आले. छपाईवाले मात्र इंचामागे ३०० बिंदू मागतात. मग काय करावे?

घाबरून जाण्याचे कारण नाही. ३०० हा आकडा हातात धरून, साधारण एक फुटावरून पाहण्याच्या चित्रासाठी आहे. निरोगी डोळ्याला एक अंशाच्या साठाव्या भागाहून लहान तपशील वेगळा ओळखता येत नाही. या नियमाने एक फूट अंतरावर इंचाला तीनशेच्या जवळपास बिंदू पुरेसे होतात. अंतर वाढले की गरज त्याच प्रमाणात घटते. म्हणून घरगुती नियम असा धरावा : ३०० ला पाहण्याच्या अंतराच्या फुटांनी भागावे. तीन फुटांवरून पाहायचे तर १०० बिंदू, सहा फुटांवरून ५० बिंदू. सोफ्यावरची तसबीर आपण समोरच्या खुर्चीतून पाहतो, तेव्हा ११२ बिंदू कामचलाऊ नव्हे, चांगलेच पुरतात. फक्त एक व्यवहार ध्यानात ठेवावा. समूहचित्र असेल तर घरी येणारा प्रत्येक पाहुणा जवळ जाऊन आपला चेहरा शोधतो. समूहचित्राला म्हणून थोडी अधिक श्रीमंती बरी.

मात्र हा सगळा हिशेब मूळ छायाचित्राचा आहे. व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत आलेली प्रत पाठवताना आक्रसलेली असते. तिची मोठी बाजू १६०० बिंदूंच्या आसपास उरलेली पुष्कळदा आढळते. ३६ इंचांवर ती इंचाला जेमतेम ४४ बिंदू देईल. तेव्हा ज्याने छायाचित्र काढले त्याच्याकडून मूळ प्रत मागवावी. आणि ती त्याच मार्गाने मागवायची असेल तर चित्र म्हणून न पाठवता कागदपत्र, म्हणजे डॉक्युमेंट म्हणून पाठवण्यास सांगावे. तसे केले की चित्र आहे त्या मापात येते.

काही साधने बिंदू वाढवून चित्र मोठे करून देतात. साध्या पद्धतीत संगणक शेजारच्या बिंदूंवरून मधले बिंदू अदमासाने भरतो. चित्र मऊ होते, परंतु खोटे होत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नवी साधने याच्या पुढे जातात. डोंगर, आकाश, भिंत यांसाठी ती उपयुक्त आहेत. लहान, अंधूक चेहऱ्यांवर मात्र ती पापण्या, ओठ आणि दात स्वतःच्या कल्पनेने रंगवतात. निघणारा चेहरा सुबक असतो. तो आपल्या आजीचा असतो असे नाही. समूहचित्र मोठे करताना म्हणून प्रत्येक चेहरा मूळ चित्राशेजारी ठेवून ताडून पाहावा.

एक उदाहरण

आता प्रत्यक्ष प्रसंगावर येऊ. समजा, आजींच्या पंचाहत्तरीला सर्व कुटुंब एकत्र जमले आहे. एकूण माणसे २३. सतरंजीवर ७ मुले बसली आहेत. मागे खुर्च्यांवर ६ वडीलधारी मंडळी. त्यांच्या मागे १० जण उभे. इंदूरचे काका आले आहेत, बंगळूरची भाची आली आहे. पुन्हा सगळे असे कधी जमतील याचा भरवसा नाही. छायाचित्र भ्रमणध्वनीवर आडवे काढले आहे. हे चित्र आजींच्या खोलीत १२×३६ च्या चौकटीत लावायचे आहे.

उभ्या माणसाला खांद्याला खांदा लावून दीड फूट जागा लागते. दहा माणसांना पंधरा फूट. दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक धरली तर चित्राच्या रुंदीत सोळा फूट आले. म्हणजे एका फुटाला २५२ बिंदू. सतरंजीच्या पुढच्या काठापासून सर्वांत उंच माणसाच्या डोक्यापर्यंत चित्रात सुमारे सात फूट उंची व्यापली आहे असे धरू. तिचे १७६४ बिंदू होतात. आणि ३:१ ची पट्टी तर अवघी १३४४ बिंदू उंच, म्हणजे सव्वापाच फुटांच्या किंचित वर!

सात फुटांचे कुटुंब सव्वापाच फुटांत बसवायचे आहे. खालून कापले तर सतरंजीवरची सात मुले हनुवटीपर्यंत बुडतात. वरून कापले तर मागच्या रांगेतील उंच माणसांची डोकी जातात. दोन्हीकडून थोडेथोडे कापले तर सर्वांवर सारखा अन्याय होतो आणि चित्र पाहणाऱ्याचा श्वास कोंडतो. कात्री कितीही कौशल्याने चालवली तरी या गणितातून सुटका नाही. तीन रांगांच्या समूहाला ३:१ च्या चौकटीत सुखाने बसायचे तर त्याची रुंदी उंचीच्या तिप्पट हवी. म्हणजे सात फुटांना एकवीस फूट, आणि रांगेत दहाच्या जागी चौदा माणसे. आपल्या कुटुंबात ती नाहीत.

मग उपाय असा. कुटुंबाला चौकटीच्या मापाचे करण्याऐवजी चौकटीला कुटुंबाच्या मापाची करावी. हेच चित्र २:१ मध्ये कातरले तर पट्टी २०१६ बिंदू, म्हणजे आठ फूट उंच होते. सातही मुले, सर्व उंच माणसे आणि वर-खाली मिळून फूटभर मोकळी हवा, असे सगळे तीत मावते. आता माउंटमध्ये मधोमध १८×९ इंचांची खिडकी कापून घ्यावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना ५×७ इंचांची एकेक उभी खिडकी. तिन्हींची रुंदी २८ इंच झाली. उरलेल्या आठ इंचांत दोन-दोन इंचांचे चार पट्टे नीट बसतात. डावीकडे आजींचे तरुणपणीचे छायाचित्र, उजवीकडे त्यांच्या जुन्या घराचे किंवा आजोबांचे. भिंतीवर तीच लांबट चौकट, तोच डौल. आणि कोणीही बाहेर नाही.

यात आणखी एक लाभ आहे. तेच ४०३२ बिंदू आता छत्तीसऐवजी अठरा इंचांत येतात, म्हणजे इंचाला सुमारे २२० बिंदू. चेहरे लहान होतात, अंगठ्याच्या पेराएवढे. परंतु इतके स्वच्छ येतात की जवळ जाऊन पाहणाऱ्या पाहुण्याचीही निराशा होत नाही. आणि चौकट अजून विकत घ्यायची असेल तर काम याहून सोपे आहे. चौकटकार लाकडी पट्टी हव्या त्या लांबीची कापून देतो. आधी चित्र निश्चित करावे, त्यावरून १२×२४ किंवा जी असेल ती चौकट सांगावी. पट्टी बाजारात पुन्हा मिळते. ती दुपार पुन्हा मिळत नाही.

कडेची माणसे

कातरण्याचा दुसरा मोह चेहरे मोठे करण्याचा. बाजूची मोकळी जागा, मग बाजूचा खांब, मग बाजूचे एखादे माणूस असे कापत गेले की मधले चेहरे ठळक होतात. येथे जरा थांबावे. आपल्या जुन्या समूहचित्रांची रचना आठवून पाहा. मध्यभागी कर्ता पुरुष, त्याच्या शेजारी मानाची माणसे, आणि कडेला? कडेला उभी असते ती घरात आश्रयाला राहिलेली आत्या, लांबचा भाचा, वर्षानुवर्षे स्वयंपाक करणाऱ्या बाई, नुकतीच लग्न होऊन आलेली आणि कुठे उभे राहावे हे न कळलेली सून. मानाप्रमाणे माणसे मधून कडेकडे सरकत गेलेली असतात. म्हणून कडा कापणारी कात्री दिसायला निष्पक्षपाती असली तरी ती नेहमी त्याच माणसांवर चालते. कित्येकदा त्या माणसाचे जगात तेवढे एकच छायाचित्र असते.

म्हणून आमची सूचना अशी, की कातरण्यापूर्वी माणसे मोजावीत आणि कातरल्यावर पुन्हा मोजावीत. पहिला आकडा २३ आणि दुसरा २२ आला तर चौकट चुकली असे समजावे. क्वचित प्रसंगी कोणाला वगळणे भागच असेल तर तो निर्णय घरातल्या माणसांनी बोलून घ्यावा. तो दुकानातील यंत्राच्या सोयीवर सोपवू नये.

माणसे सुरक्षित झाली की मग सौंदर्याचे साधे नियम पाळावेत. मान, मनगट, गुडघा, घोटा या सांध्यांवर चित्राची कड येऊ देऊ नये. तेथे कापलेला अवयव तुटल्यासारखा वाटतो. मांडीच्या किंवा छातीच्या मध्यावर कड आली तर डोळ्याला खुपत नाही. सर्वांत उंच डोक्यावर थोडी जागा राहू द्यावी. एखादे माणूस एका बाजूला पाहत असेल तर त्या बाजूला अधिक जागा सोडावी. क्षितिज किंवा भिंतीची कड तिरपी असेल तर आधी चित्र सरळ करून घ्यावे आणि नंतर कातरावे, कारण सरळ करताना चारही कोपरे थोडे थोडे खर्ची पडतात.

जोडून रुंद झालेले चित्र

लांबट चित्राचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. ‘पॅनोरामा’ म्हणून ओळखली जाणारी चित्रे रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस लोकप्रिय केली. एडिंबरो शहराच्या त्याच्या वर्तुळाकार चित्राच्या कल्पनेला १७८७ मध्ये पेटंट मिळाले. पुढे छायाचित्रण आले. फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार १८५८ मध्ये भारतात आला. त्याने दिल्ली आणि लखनौ यांची विस्तीर्ण दृश्ये घेतली, ती एकामागून एक अनेक छायाचित्रे घेऊन आणि त्यांचे छापे शेजारी शेजारी जोडून. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘सर्कट’ नावाचा फिरता कॅमेरा निघाला, त्याचे पेटंट १९०४ चे. तो तिकाटण्यावर सावकाश फिरे आणि समोरच्या शेकडो माणसांचे एकच लांबलचक चित्र घेई. माणसे सर्वत्र सारख्या अंतरावर यावीत म्हणून छायाचित्रकार त्यांना कॅमेऱ्याभोवती अर्धवर्तुळात उभे करीत. छापील चित्रात ती सरळ रांगेत दिसत. एखादा चपळ विद्यार्थी कॅमेरा फिरत असता मागून धावत जाऊन दुसऱ्या टोकाला उभा राही, आणि एकाच चित्रात दोनदा झळके!

सांगायचे तात्पर्य, रुंद चित्र मुळात जोडून तयार होत असे. अधिक काही मावावे यासाठी ते रुंद झाले. आपणही शक्य तेथे हाच मार्ग धरावा. गडावरून दिसणारी दरी, नदीचा घाट किंवा गावाचे दृश्य यांसाठी भ्रमणध्वनीतील पॅनोरामाची सोय वापरावी, किंवा तीन-चार स्वतंत्र छायाचित्रे घेऊन ती संगणकावर जोडावीत. भ्रमणध्वनी उभा धरावा, म्हणजे उंचीला अधिक बिंदू मिळतात. प्रत्येक चित्रात आधीच्या चित्राचा सुमारे एक तृतीयांश भाग पुन्हा यावा. हात लांब न करता स्वतः जागीच सावकाश वळावे. अशा चित्राला ३:१ ची चौकट सहज साजते आणि बिंदूंचीही चणचण भासत नाही.

माणसांच्या समूहासाठी मात्र ही पद्धत जपून वापरावी. मुले हलतात, आणि जोडाच्या ठिकाणी कोणाला तीन हात फुटतात तर कोणाचे अर्धे तोंड नाहीसे होते. लांबट चौकट मनात असेल तर समूहाची रचनाच आधी बदलावी. तीनऐवजी दोन रांगा कराव्यात. पुढे खुर्च्या, मागे उभी माणसे, आणि मुले वडीलधाऱ्यांच्या मांडीवर किंवा दोन खुर्च्यांच्या मध्ये. छायाचित्रकाराने थोडे मागे सरून सर्वांना एकाच चित्रात घ्यावे. चौकटीचा विचार खुर्च्या मांडतानाच केला तर कात्रीला फारसे काम उरत नाही.

प्रत्यक्ष कृती

प्रथम मूळ चित्राची दुसरी प्रत करून घ्यावी आणि कातरणे, माप बदलणे हे सर्व त्या प्रतीवरच करावे. मूळ प्रत निराळ्या जागी जपून ठेवावी. गिम्पसारख्या विनामूल्य साधनात कातरण्याचे अवजार निवडून गुणोत्तर स्थिर ठेवण्याची खूण करावी आणि तेथे ३:१, २:१ किंवा आपल्या खिडकीचे जे असेल ते लिहावे. मग चौकोन चित्रावर वर-खाली सरकवून योग्य जागा शोधावी. इंचामागील बिंदूंचा आकडा नुसता बदलल्याने चित्रात नवा तपशील येत नाही, हे ध्यानात ठेवावे; बिंदू तेवढेच राहतात, फक्त कागदावर ते किती दाट बसायचे एवढेच ठरते.

ज्यांना संगणकावर अंदाज येत नाही त्यांच्यासाठी जुन्या अंधाऱ्या खोलीतील एक युक्ती आजही उत्तम आहे. पुठ्ठ्याचे काटकोनी असे दोन तुकडे कापावेत. छायाचित्राची लहान छापील प्रत टेबलावर ठेवून ते तुकडे समोरासमोर तिच्यावर मांडावेत आणि सरकवीत राहावे. हवी तशी खिडकी तयार होते. घरातील चार माणसांना टेबलाभोवती बोलावून हा खेळ खेळावा. कोणाला काय ठेवायचे आहे हे आपोआप बाहेर येते.

शेवटी, मोठ्या छपाईपूर्वी एक छोटी परीक्षा अवश्य घ्यावी. ३६ इंची चित्र छापणार असाल तर त्यातील आठ इंच रुंदीचा उभा तुकडा, म्हणजे ८९६ बाय १३४४ बिंदूंचा, ८×१२ च्या साध्या कागदावर छापून घ्यावा. हा तुकडा अंतिम चित्राच्याच मापात असतो. तो भिंतीवर टाचून खुर्चीतून पाहावा, मग जवळ जाऊन पाहावा. चेहरे पटले तर पुढे जावे. चौकट जिथे लावायची तिथे खिडकीचा उजेड समोरून येत असेल तर चकचकीत कागदाऐवजी मंद पोताचा कागद घ्यावा, आणि थेट ऊन पडणारी भिंत टाळावी. उन्हाने रंग उडतात.

चौकट बंद करण्यापूर्वी एक काम राहते. मागच्या पुठ्ठ्यावर मऊ पेन्सिलीने प्रसंग, गाव आणि तारीख लिहावी. त्याखाली रांगेवार, डावीकडून उजवीकडे, प्रत्येकाचे नाव आणि नाते लिहावे : सतरंजीवरच्या सर्वांत धाकट्याचे आणि कडेला उभ्या असलेल्या बाईंचेही. शेवटी एकूण आकडा लिहावा. आणखी चाळीस वर्षांनी ही चौकट उघडणाऱ्या नातवंडाला इंच आणि बिंदू यांचे काही वाटणार नाही. तो नावे वाचील, चित्रातील डोकी मोजील, आणि दोन्ही आकडे जुळले की त्याला समाधान वाटेल.